भरवसा देवावर, पाऊल आपलं

‘देव आहे, तर मग माझ्याच वाट्याला हे का?’ बायकांच्या तक्रारी ऐकण्याचं काम करताना हा प्रश्न मला सतत ऐकायला मिळतो. कुणाचा नवरा दारू पिऊन मारतो, कुणाला विधवा झाल्यावर दिरांनी घराबाहेर काढलेलं असतं. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे आमच्या मंडळीतल्या बायका तर हक्कानं विचारतात. जगात इतकं वाईट का आहे, याचं नेमकं उत्तर माझ्याजवळ नाही. पण जे उत्तर सर्रास दिलं जातं, ते मला मुळीच पटत नाही.

‘प्रार्थना कर, सोसत राहा, देव बघून घेईल,’ हे ते उत्तर. सांगणारी माणसं वाईट नसतात. आई असते, सासू असते, कधी पाळकसाहेबही असतात. ‘येशूनं नाही का वधस्तंभ सोसला?’ असंही वर ऐकवतात. पण मैत्रिणींनो, येशूनं वधस्तंभ स्वतःहून पत्करला, जगाच्या तारणासाठी. नवऱ्याच्या लाथा खाऊन कुणाचं तारण होतं? तिचं नाही, त्याचं नाही, आणि कोपऱ्यात बसून बघणाऱ्या लेकरांचं तर नाहीच नाही.

लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात येशूनं सांगितलेला एक दाखला आहे. न्यायाधीश असा, की त्याला ना देवाची भीती ना माणसांची पर्वा. एक विधवा त्याच्याकडे पुन्हा पुन्हा जाते आणि न्याय मागते. शेवटी कंटाळून का होईना, तो तिचा न्याय करतो. खचून न जाता प्रार्थना कशी करावी, हे शिकवण्यासाठी हा दाखला आहे. पण त्यासाठी येशूनं उदाहरण कुणाचं घेतलं बघा! न्यायाधीशाचा पिच्छा न सोडणाऱ्या बाईचं.

आपल्याकडच्या पंडिता रमाबाई अशाच. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये पती. पदरात तान्ही मुलगी. १८८३मध्ये त्यांनी इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. एवढं सोसलेल्या बाईनं ‘देवाची इच्छा’ म्हणून हात जोडून बसायचं ठरवलं असतं, तर कोण काय म्हणणार होतं? पण १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली-बायकांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना निवारा दिला, कामं शिकवली. १८९७मध्येच पुण्यात प्लेग होता. सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांना मिळणाऱ्या वागणुकीविरुद्ध रमाबाईंनी वृत्तपत्रात पत्र लिहिलं. राज्यकर्ते ख्रिस्ती, आपणही ख्रिस्ती, मग कशाला बोला, असा विचार त्यांनी केला नाही. दुष्काळ त्यांना थांबवता आला नाही, प्लेगही नाही. समोर आलेल्या बाईला मात्र त्यांनी हात दिला.

मग भरवसा तो कुठे राहिला, असं कुणी विचारेल. माझ्या मते तो इथेच आहे. शेवट आपल्या हातात नाही, न्याय लवकर मिळेलच असंही नाही. तरी आपण एकट्या नाही, हा विश्वास असला की पोलीस ठाण्याची पायरी चढताना पाय कमी कापतात. आणि ज्यानं छळलं त्याच्या द्वेषानं आपणच जळत राहत नाही. क्षमा जरूर करावी. पण क्षमा केली म्हणून पुन्हा मार खायला जावं, असं कुठे आहे?

२००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे. नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क त्यात आहे, तक्रार घ्यायला संरक्षण अधिकारी आहेत. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, जीव धोक्यात असेल तर ११२ आहे. हे नंबर प्रत्येकीला पाठ हवेत.

तेव्हा पुढच्या वेळी एखादी शेजारीण रडत दाराशी आली, तर तिच्यासाठी प्रार्थना जरूर करा. आणि ‘आमेन’ म्हणून झाल्यावर चपला घाला, तिच्याबरोबर जा.