घोरपड खरी की खोटी? शाहीर तुळशीदासाला विचारायचा खरा प्रश्न

१/ फेब्रुवारीचा पहिला आठवडा उजाडला की सिंहगडाबरोबर एक जुना वादही जागा होतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांनी कोंढाणा जिंकला, तेव्हा कड्यावर घोरपड चढवली होती की नव्हती? एका बाजूला ही कथा अक्षरशः खरी मानणारे, दुसऱ्या बाजूला तिची टिंगल करणारे. या धाग्यातील प्रतिपादन असे की, दोन्ही बाजूंनी शाहिराला चुकीचाच प्रश्न विचारला आहे.

२/ मुळात ही कथा रूढ झाली ती शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यामुळे. गोंधळी आणि शाहीर यांच्या मुखी वाहत आलेली ही रचना हॅरी आर्बथनॉट अ‍ॅकवर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्या १८९१ च्या पोवाडासंग्रहातून छापील रूपात सर्वदूर पोहोचली. १८९४ मध्ये अ‍ॅकवर्थ यांनी मराठी पोवाड्यांची इंग्रजी भाषांतरेही प्रसिद्ध केली. डफ-तुणतुण्यावर ऐकण्यासाठी घडलेली रचना आजचा वाचक मुकाट्याने पानावर वाचतो, हे आधी ध्यानात ठेवावे.

३/ त्याच घटनेचा दुसरा साक्षीदार कृष्णाजी अनंत सभासद. छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने त्याने १६९० च्या दशकात जिंजी येथे बखर लिहिली. तिच्यात तानाजी ५०० माणसांनिशी गडाखाली येतो, दोन निवडक मावळे वानरांसारखे कडा चढून जातात, मग माळ लावून सुमारे ३०० जण वर पोहोचतात. तानाजी आणि उदेभान एकमेकांच्या हातून पडतात. घोरपड नाही, सारीपाट नाही, रायबाचे लग्न नाही.

४/ यावरून ‘बखर खरी, पोवाडा खोटा’ असा निकाल देणे सोपे आहे, आणि पुण्यात तर ते स्वाभाविकही आहे. १९१० साली येथे स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाने आणि त्याच्याभोवती वाढलेल्या परंपरेने ‘अस्सल कागद दाखवा’ ही शिस्त मराठी इतिहासलेखनाला लावली. तिचे ऋण मोठे आहे. भावनेच्या भरात वाहून जाणाऱ्या समाजाला कागदाचा लगाम हवाच असतो.

५/ या शिस्तीचे फळ पाहायचे तर गडाचे नाव घ्यावे. तानाजीच्या बलिदानामुळे कोंढाण्याचा सिंहगड झाला, ही समजूत घराघरांत आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरीने ती आणखी दृढ केली. पण शिवाजी महाराजांच्या एप्रिल १६६३ च्या पत्रात ‘सिंहगड’ हे नाव आधीच आले आहे. सभासदाच्या बखरीतही राजांचा शोक सिंहाविषयी नाही. घेतलेला एक गड आणि गमावलेला दुसरा ‘गड’ अशी ती तुलना आहे.

६/ इथपर्यंत कागदाने आपले काम चोख केले. परंतु चूक दाखवून दिली की इतिहासकाराचे काम संपते काय? कथा घडलेली नसेल तर ती रचली का गेली, ऐकली का गेली आणि टिकली का, हेही ऐतिहासिक प्रश्नच आहेत. त्यांची उत्तरे मात्र बखरीत सापडत नाहीत. ती गाण्याच्या शब्दांतच शोधावी लागतात.

७/ पोवाडा ऐकायला बसलेल्या माणसाला कथेचा शेवट ठाऊक असतो. गड मिळणार आणि तानाजी पडणार, हे त्याला आजीने आधीच सांगितलेले असते. शाहीर पुढे, झीलकरी मागे, डफावर थाप पडते ती माहिती पुरवण्यासाठी नव्हे. म्हणून पोवाड्यातला प्रत्येक तपशील ‘असे घडले का’ या कसोटीआधी ‘हा इथे का ठेवला’ या कसोटीवर घासून पाहावा.

८/ पहिला तपशील जिजाऊंचा. त्या काळी राजधानी राजगड होती आणि राजगडावरून सिंहगड दिसतोही. तरीही पोवाडा जिजाऊंना प्रतापगडावर बसवतो. भूगोलाच्या परीक्षेत हे उत्तर चुकीचे ठरेल. पण प्रतापगड हे भवानीचे ठाणे, आणि ही रचना जपणारे गोंधळी भवानीचे उपासक. आईची आज्ञा देवीच्या स्थानावरून सुटावी, अशी ही मांडणी दिसते. हा अर्थ अनुमानाचा आहे, परंतु गाणाऱ्यांच्या श्रद्धेशी तो जुळतो.

९/ दुसरा तपशील सारीपाटाचा. जिजाऊ राजांना खेळायला बसवतात, डाव जिंकतात आणि पणात सिंहगड मागतात. महाभारत मुखोद्गत असलेल्या श्रोत्याला द्यूताचा प्रसंग आठवणारच. तिथे पटावर हाती असलेले राज्य गेले. इथे हाती नसलेला गड पटावर लागतो आणि तो मिळवावा लागतो. १६६५ च्या पुरंदर तहात जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणाही होता. त्या अपमानाची उलटी सोंगटी शाहीर इथे टाकतो.

१०/ तिसरा तपशील रायबाचे लग्न. आज तो त्यागाचा धडा म्हणून सांगितला जातो. पण शेतकरी घरात लग्न म्हणजे काय, हे जाणणाऱ्या श्रोत्याला त्यात आणखी काही ऐकू येत असे. साठवलेले धान्य, बोलावलेले सोयरे, ठरलेला मुहूर्त, हे सारे मोहिमेच्या हाकेसरशी थांबते. स्वराज्याची किंमत कुणाच्या अंगणातून वसूल झाली, याचा हिशेब शाहीर मांडतो आहे.

११/ म्हणूनच या परंपरेत कथा गड जिंकून संपत नाही. राजा तानाजीच्या घरचे दुःख आपले मानतो आणि रायबाचे लग्न लावून देतो. ऐकणाऱ्या मावळ्यांच्या वंशजांसाठी हा सुखान्त नव्हता, तो करार होता: आमची माणसे तुमच्यासाठी पडली, तर आमची घरे तुम्ही उभी ठेवायची. राजाचे कर्तव्य काय, हे राजाला ऐकवण्याची सोय पोवाड्यात होती.

१२/ आता घोरपड. कडा चढण्यासाठी घोरपड वापरल्याची कथा एकट्या तानाजीची नाही. घोरपडे घराण्याच्या आडनावाची पारंपरिक उपपत्तीही अशाच एका गडाच्या कथेशी जोडली जाते. म्हणजे हा लोककथेच्या भात्यातला बाण आहे. अवघड कडा आला की शाहीर तो काढतो. ‘हा गड माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता’ हे एका प्रतिमेत सांगण्याची ती रीत आहे.

१३/ पण तुळशीदासाने या बाणाचा उपयोग खास केला. पोवाड्यात घोरपड सरळ वर जात नाही. ती अर्ध्यावरून परतते, सोबती अपशकुन मानतात आणि तानाजी तिला जिवे मारण्याची धमकी देतो, तेव्हा कुठे ती पुन्हा चढते. केवळ युक्ती सांगायची असती, तर हे परतणे कशाला हवे होते?

१४/ वीराच्या तोंडी भीती शोभत नाही, हा पोवाड्याचा संकेत. पण काळोख, थंडी, खाली दरी आणि वर शत्रू असताना माणसे घाबरली नसतील, हे कुणाला पटेल? ती भीती शाहिराने घोरपडीच्या अंगी घातली. परत फिरते ती प्रत्येक सैनिकाच्या पोटातली शंका. तिला दटावून पुन्हा वर पाठवतो तो निर्धार. घोरपडीच्या वजनाचे गणित मांडणाऱ्यांच्या हातून नेमके हेच निसटते.

१५/ चौथा तपशील उदेभान, आणि इथे सावधगिरी हवी. सभासदाच्या लेखी तो रजपूत योद्धा आहे, तानाजीच्या तोडीचा. पोवाड्यात मात्र त्याचा आहार राक्षसी, मुलगे बारा, दिमतीला चंद्रावळी हत्ती आणि सिद्दी हिलाल. श्रोत्याला यात रामायणातली लंका दिसते. २०२० च्या ‘तान्हाजी’ या हिंदी चित्रपटात उदेभान भाजलेली मगर खातो, तेव्हा तीच जुनी प्रतिमा नव्या वेषात येते.

१६/ ही प्रतिमा कविता म्हणून ओळखली तर निरुपद्रवी आहे. वस्तुस्थिती म्हणून घेतली तर घातक. पुरंदरचा तह घडवणारे मिर्झाराजे जयसिंह रजपूत होते, कोंढाण्याचा मोगल किल्लेदार रजपूत होता. १६७० चे राजकारण दोन धर्मांच्या दोन कप्प्यांत मावत नाही. शाहिराच्या अतिशयोक्तीतून आजच्या शेजाऱ्याविषयी मत बनवणारा वाचक इतिहासावरही अन्याय करतो आणि शाहिरावरही.

१७/ आक्षेप येईल: असे अर्थ लावायचे ठरवले, तर कुठल्याही ओळीतून काहीही काढता येईल. आक्षेप रास्त आहे, म्हणून तीन बंधने पाळावीत. अर्थाला शब्दांत आधार हवा. तो त्या काळच्या श्रोत्याला सुचण्याजोगा हवा. आणि अन्य साधनांशी तुलना करून, शाहिराने काय नव्याने आणले, हे दाखवता यायला हवे. सभासदाची बखर शेजारी ठेवल्याशिवाय तुळशीदास कळत नाही, तो यामुळेच.

१८/ दुसरा आक्षेप काळाचा. मौखिक रचना जितक्या तोंडांतून जाते तितकी बदलते. हा पोवाडा घटनेच्या लगतचा की बराच नंतरचा, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणून त्यातला प्रत्येक शब्द एका तुळशीदासाच्या माथी मारू नये. पण त्यामुळे साधन निकामी होत नाही. १६७० च्या एका रात्रीचा दुबळा साक्षीदार असलेला हा पोवाडा पुढच्या अनेक पिढ्यांच्या मनाचा सबळ साक्षीदार ठरतो.

१९/ पोवाडा वर्तमानाविषयी बोलतो, हे जुन्या पुण्याला चांगले ठाऊक होते. १८६९ मध्ये जोतीराव फुले यांनी शिवाजी महाराजांचा पवाडा लिहिला आणि महाराजांना ‘कुळवाडीभूषण’ म्हटले. त्यातून शिवचरित्राचा मालक कोण, हा एकोणिसाव्या शतकातला प्रश्न त्यांनी ऐरणीवर आणला. नायक तोच, छंदाची परंपरा तीच. अर्थ मात्र शेतकऱ्याच्या बांधावरून उगवलेला.

२०/ पुढे वि. दा. सावरकर यांनी सिंहगडावर रचलेल्या पोवाड्यावर ब्रिटिश सरकारने बंदी घातली. अडीचशे वर्षांपूर्वी मोगलांकडून घेतलेल्या गडाच्या गाण्याची इंग्रजांना भीती का वाटावी? कारण ‘गड’ म्हणजे कोणता गड आणि ‘शत्रू’ म्हणजे कोणता शत्रू, हे श्रोत्यांइतकेच सरकारलाही कळत होते. गाण्याचा अर्थ लावणे हा रिकामटेकडा उद्योग नाही, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

२१/ मग पणाला काय लागले आहे? बखर दरबारात लिहिली गेली. तिच्यात तानाजीच्या वाट्याला एक प्रसंग येतो. पोवाडा त्याला घर देतो, मुलगा देतो, म्हातारा शेलारमामा देतो. ‘दंतकथा’ म्हणून तो फेकून दिला, तर लढणाऱ्यांच्या घरांनी स्वतःविषयी जपलेली आठवणही त्याच्याबरोबर जाते. अशा घरांकडून आलेले अस्सल कागद फार थोडे आहेत. त्यांनी गाणी मात्र जपली.

२२/ उलट पोवाडा शब्दशः खरा धरला, तर दुहेरी तोटा. शाहिराची कविता मरते, आणि हाताच्या बोटांनी कडा चढलेल्या त्या दोन निनावी मावळ्यांचे श्रेय एका प्राण्याला मिळते. सभासदाने त्यांची नावे दिली नाहीत. निदान त्यांचे चढणे तरी कुणी हिरावू नये.

२३/ पुण्यातून सिंहगड सुमारे ३० किलोमीटर. शनिवार-रविवारी तरुणांच्या झुंडी वर जातात, पिठले-भाकरी खातात, तानाजीच्या समाधीसमोर छायाचित्रे काढतात. त्यांतल्या कुणी कड्याशी उभे राहून ‘खरेच घोरपड चढली असेल का?’ असे विचारले, तर त्याला हसू नये. त्याच्या हाती आणखी एक प्रश्न द्यावा: वर चढता चढता ती परत का फिरली?