संगणकाच्या तासाला पाटी-पेन्सिल

आपल्या शाळेत संगणक कक्ष झाला याचा सर्वाधिक आनंद आम्हां माजी विद्यार्थ्यांना झाला. आमच्या काळी वसतिगृहातला एकुलता रेडिओसुद्धा अधीक्षकांच्या खोलीत असे! म्हणूनच त्या कक्षात काय शिकवले जावे, याविषयी चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्ही घेत आहोत.

मजकूर टंकणे, तक्ते भरणे, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवणे, एवढ्यावर संगणक-शिक्षण संपते असे अनेकांना वाटते. प्रमाणपत्राने नोकरी मिळते, हे पालकांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. आमच्यातील कित्येकांची घरे त्यावरच उभी राहिली. परंतु आपल्या मुलांनी यंत्रापुढे केवळ बसावे, की त्या यंत्राने काय करावे हे ठरवावे?

सुटीत आम्ही काही जण सायंकाळच्या अभ्यासिकेत मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवू लागलो, तेव्हा एक कोडे घातले होते. १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदाच वापरून अशी संख्या लिहा, की डावीकडचे पहिले दोन अंक घेऊन होणारी संख्या २ ने, पहिले तीन घेऊन होणारी ३ ने, आणि याच क्रमाने पूर्ण संख्या ९ ने निःशेष भागली जावी. या नऊ अंकांच्या मांडण्या होतात ३,६२,८८०. पायथनमध्ये दहा-बारा ओळी लिहून आम्ही सर्व मांडण्या तपासल्या. क्षणार्धात पडद्यावर उत्तर आले आणि वर्ग गप्प झाला. कोणालाच काही विचारावेसे वाटेना. चूक आमची होती. आम्ही मुलांच्या हातून कोडेच काढून घेतले होते.

दुसऱ्या वर्गाला आम्ही आधी कागद दिला. पाचव्या स्थानी ५ च हवा, कारण शून्य हाताशी नाही. दुसरे, चौथे, सहावे, आठवे स्थान सम अंकांचे. म्हणून उरलेली विषम अंकांची. सर्व अंकांची बेरीज ४५, तेव्हा नऊची काळजी नाही. तिसरा अंक विषम असल्यामुळे चारची कसोटी चौथ्या स्थानी २ किंवा ६ एवढेच येऊ देते. सातवाही विषमच, म्हणून आठव्या स्थानीही तेच. मग ४ आणि ८ यांना दुसरे व सहावे स्थान उरते. पहिले तीन अंक आणि पहिले सहा अंक, दोन्ही संख्या तीनने भागल्या जायच्या, तर चौथ्या-पाचव्या-सहाव्या अंकांची बेरीजही तीनच्या पटीत हवी. येथे एक मुलगा जवळजवळ ओरडलाच : मधले तीन अंक २५८ किंवा ६५४, तिसरे काही नाही! मग पहिल्या तीन अंकांची बेरीज आणि आठची कसोटी लावता लावता दहाच संख्या उरल्या. त्यांचे पहिले सात अंक सातने भागायचे काम मुलांनी आपसांत वाटून घेतले. टिकली एकच : ३८१६५४७२९.

संगणक वाईट, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. पण नऊऐवजी बारा चिन्हे घेतली तर मांडण्या ४७,९०,०१,६०० होतात, आणि तेव्हा वेगवान यंत्रालाही शहाणा मालक लागतो. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४९ साली अंकांच्या उलटसुलट मांडणीतून ६१७४ या संख्येचे नवल जगापुढे ठेवले, ते कागदावरच्या वजाबाक्या करून. आज ते असते तर त्यांनी संगणक आनंदाने वापरला असता. मात्र काय तपासायचे हे त्यांना आधीच ठाऊक असते.

म्हणून शाळेच्या व्यवस्थापनास आमची विनंती आहे की, आठवीपासून प्रोग्रॅमिंगचा स्वतंत्र तास ठेवावा आणि त्याचा पहिला अर्धा भाग पडदे बंद ठेवून घ्यावा. गणिताच्या व संगणकाच्या शिक्षकांनी तो एकत्र घेतला तर फारच उत्तम. संगणक अपुरे आहेत म्हणून ही तडजोड सुचवत नाही. ते वाढवण्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढावी, हेही याच पानावरून सांगतो.

त्या सायंकाळी घंटा झाल्यावर एक मुलगी मागे थांबली. शून्यही घेऊन दहा अंकांची अशी संख्या असेल का, असे तिने विचारले. आम्ही संगणक सुरू करू लागलो, तर तिने थांबवले. “दहाने भागायचे म्हणजे शेवटी शून्यच येणार, सर. पुढचे नऊ तर आपल्याला मिळालेच आहेत.”