व्यायाम करताना पाणी किती प्यावे?

'भरपूर पाणी प्या' हा सल्ला आम्ही डॉक्टर मंडळीच उठसूट देत असतो. व्यायामाच्या बाबतीत मात्र तो बदलायला हवा, असे माझे मत आहे.

काही वर्षांपूर्वी हाफ मॅरेथॉन धावून आलेल्या एका गृहस्थांना घरच्यांनी माझ्याकडे आणले. डोके दुखत होते, उलट्या होत होत्या, बोलणे असंबद्ध होते. 'अंगातले पाणी कमी झाले असेल' म्हणून वाटेतही त्यांना पाणीच पाजणे चालू होते. प्रत्यक्षात शर्यतीत पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबून ते पाणी प्यायले होते. रक्तातले सोडियम बरेच कमी निघाले. उपचार वेळेत मिळाले, म्हणून निभावले.

घामातून पाण्याबरोबर मीठही जाते. त्यात गरजेपेक्षा जास्त साधे पाणी प्यायले, की रक्तातील सोडियमचे प्रमाण घटते आणि मेंदूच्या पेशींना सूज येऊ शकते. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्के जणांचे सोडियम कमी आढळले होते.

मग करायचे काय?

तासाभराचे चालणे किंवा जिम असेल, तर तहान लागेल तसे साधे पाणी पुरते. स्पोर्ट्स ड्रिंकची गरज नाही. त्याच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम, म्हणजे सहा-सात चमचे साखर असते. अर्धा तास चालून खर्च केलेले उष्मांक एका बाटलीत परत येतात!

व्यायाम दीड तासापेक्षा जास्त चालणार असेल, तर मात्र नुसत्या पाण्यावर भागवू नका. दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके लागतात. एखादे केळे आणि मीठ-साखर घातलेले लिंबू सरबत घ्या. सुरुवातीला आणि शेवटी वजन करून पाहा. वजन वाढले असेल, तर पाणी नक्कीच जास्त झाले.

वयस्कर मंडळींना तहान कमी जाणवते, त्यांनी निघण्यापूर्वी पेलाभर पाणी प्यावे. लघवी जास्त होण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा हृदयाचा, किडनीचा आजार असेल, तर प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

आणि धावल्यानंतर कोणी असंबद्ध बोलू लागले, तर आणखी पाणी पाजत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.