बंद लिफाफा
केरळच्या ‘मीडिया वन’ या मल्याळी वाहिनीची प्रक्षेपण परवानगी केंद्राने 31 जानेवारी 2022 रोजी काढून घेतली. कारण? राष्ट्रीय सुरक्षा. म्हणजे नेमके काय, हे वाहिनीला सांगितलेच नाही. कागद बंद लिफाफ्यातून न्यायाधीशांकडे गेले आणि उच्च न्यायालयाने बंदी कायम ठेवली. आरोपच ठाऊक नाही, तर उत्तर कशाचे द्यायचे? अखेर 5 एप्रिल 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. सरकारी धोरणांवर टीका केल्याने कुणी व्यवस्थाविरोधी ठरत नाही, असेही बजावले. आता सांगा वाचकहो, रोज रात्री सुरक्षेच्या नावाने घसा फोडणाऱ्या किती वाहिन्यांनी या लिफाफ्यावर तासभर चर्चा केली?