आधी कृपा, मग सदाचार

मनुष्याची पात्रता न पाहता परमेश्वर आपण होऊन त्याच्या भेटीस आला, या श्रद्धेचा उत्सव म्हणजे ख्रिस्ती बांधवांचा नाताळ. या अयाचित अनुग्रहाला त्यांच्या शास्त्रात ‘कृपा’ असे नाव आहे. कर्मविपाकाच्या सिद्धान्तावर वाढलेल्या आपल्या मनात येथे एक शंका सहज उभी राहते. क्षमा जर विनामूल्य मिळणार असेल, तर मनुष्याने सदाचाराचे कष्ट घ्यावेत कशासाठी?

ही शंका ख्रिस्ती धर्माइतकीच जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोम येथील मंडळीस लिहिलेल्या पत्रात संत पौलाने ती स्वतःच उपस्थित केली आणि तिचा ठाम निषेध केला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, मनुष्य हा पापाचा दास असतो. कृपेने त्याचे ते दास्य सुटते आणि तो सदाचाराचा सेवक होतो. मागील हिशेब चुकता होतो, एवढ्यावर कृपेचे कार्य संपत नाही. दासाचा धनीच पालटतो. मग जुन्या धन्याची चाकरी तो पुन्हा कशी करील?

लूककृत शुभवर्तमानातील जक्कयाची कथा हेच तत्त्व आख्यानरूपाने सांगते. जक्कय हा यरीहो नगरीतील जकातदारांचा मुख्य. लोकांना नाडून तो श्रीमंत झालेला, म्हणून सर्वांच्या तिरस्कारास पात्र. येशू त्या वाटेने येत असता गर्दीत काही दिसेना, तेव्हा हा ठेंगणा गृहस्थ उंबराच्या जातीच्या एका झाडावर चढून बसला. येशूने वर पाहिले, नावाने हाक मारली आणि ‘आज मी तुझ्या घरी उतरणार’ अशा अर्थाचे सांगितले. आधी पैसे परत कर, प्रायश्चित्त घे, मग येतो, असे तो म्हणाला नाही. पुढे जक्कय आपण होऊन उभा राहिला. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्यांना लुबाडले त्यांना चौपट परत देण्याचे त्याने जाहीर केले. कीर्तनाच्या परिभाषेत बोलायचे तर कृपा हा पूर्वरंग आणि सदाचार हा उत्तररंग. क्रम उलटला तर कथेचा अर्थच जातो.

कृपेसाठी मूळ ग्रीक शब्द आहे ‘खारिस’. त्याचा अर्थ अनुग्रह असा होतो, तसाच कृतज्ञता असाही होतो. आपला ‘कृतज्ञ’ शब्द येथे आठवतो. आपल्यासाठी जे केले गेले ते जो जाणतो, तो कृतज्ञ. भयाने केलेले सत्कर्म पहारा असेतोवर टिकते, फलाच्या आशेने केलेले सत्कर्म फल हाती येईतोवर टिकते; कृतज्ञतेने केलेल्या कर्माला अशी मर्यादा पडत नाही.

तथापि हे परिवर्तन एका क्षणात पुरे होते असे समजू नये. इंग्लंडमधील जॉन न्यूटन (१७२५–१८०७) याचे चरित्र या बाबतीत बोधप्रद आहे. १७४८ साली अटलांटिक महासागरातील वादळात जहाज बुडू लागले असता त्याने देवाचा धावा केला आणि तो वाचला. पण त्यानंतरही आफ्रिकेतील माणसांना गुलाम म्हणून वाहून नेणाऱ्या जहाजांवर त्याने कप्तानी केली. १७५४ साली प्रकृतीच्या कारणाने त्याने समुद्र सोडला, १७६४ साली तो धर्मोपदेशक झाला आणि पुढे कृपेचा महिमा गाणारे त्याचे स्तोत्र जगभर पसरले. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध त्याने उघड लेखणी उचलली ती मात्र १७८८ साली, वादळानंतर चाळीस वर्षांनी. तेव्हा त्याने पूर्वीच्या आपल्या सहभागाची जाहीर कबुली दिली आणि विल्यम विल्बरफोर्स यांच्या चळवळीस बळ दिले. ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार बंद केला १८०७ साली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन निवर्तला.

ही चाळीस वर्षे नजरेआड करून चालणार नाही. कृपेची स्तोत्रे ओठांवर आणि बेड्यांतील माणसे जहाजाच्या तळाशी, हे दृश्य त्या काळी ख्रिस्ती राष्ट्रांना खटकत नव्हते. या धोक्याची जाणीव स्वतः ख्रिस्ती विचारवंतांनीच दिली आहे. जर्मन धर्मोपदेशक डीट्रिख बाँहोफर यांनी १९३७ सालच्या आपल्या ग्रंथात ‘स्वस्त कृपे’वर कठोर टीका केली. अनुसरणावाचून मिळवलेली क्षमा ही मंडळीची वैरीण होय, असा त्यांचा आशय. हिटलरच्या राजवटीस विरोध केल्याबद्दल १९४५ साली त्यांना फाशी देण्यात आले.

वाचकहो, दुसऱ्याच्या धर्मातील हा प्रश्न आपल्याही दाराशी उभा आहे. आपण नामाचा महिमा ऐकतो, पतितपावनाच्या कथांनी सद्गदित होतो, देवळातून प्रसाद घेऊन घरी येतो. ‘प्रसाद’ या शब्दाचा एक अर्थ अनुग्रह हाच आहे. तो हाती पडल्यानंतर आपल्या दुकानातील तराजू सरळ झाला काय, सुनेशी बोलण्यातला कडवटपणा ओसरला काय, बुडवलेले देणे आठवले काय? कृपा मिळवण्यासाठी हे करावे लागत नाही, हे खरे. परंतु ती मिळाली असेल तर यांतले काहीतरी घडू लागलेच पाहिजे. न्यूटनला त्यासाठी चाळीस वर्षे लागली. आपण तितका उशीर करू नये.