मगरींचा शेजार

समुद्र पाहायचा तर हरिहरेश्वर, कासवे पाहायची तर वेळास, असा आपल्या सहलींचा रिवाज आहे. पण समुद्र रोज आपल्या दारापर्यंत येतो, याची दखल कोणी घेत नाही. सावित्रीला महाडपर्यंत भरती चढते. महाडात पाणी म्हटले की चवदार तळे आणि १९२७ चा सत्याग्रह आठवतो, ते योग्यच. नदी मात्र आठवते ती पुरातच.

गेल्या डिसेंबरात दासगावच्या बाजूने मी काठाकाठाने चालले. पोलादपूरहून निघताना धुके, दासगावला ऊन आणि तासाभरात अवकाळी सर. ऊन होते तोवर ओहोटीने उघड्या पडलेल्या चिखलावर तीन मगरी जबडा उघडून पडल्या होत्या. हिवाळ्यात अंग तापवल्यावाचून त्यांचे चालत नाही. ढग येताच एकेक पाण्यात सरकली. पलीकडे एक काका पाग टाकीत होते. "ती तिच्या जागंवर, आमी आमच्या," एवढेच म्हणाले. भीती पुलावरून पाहणाऱ्यांनाच अधिक!

२२ जुलै २०२१ च्या पुरानंतर नदीतला गाळ आणि बेटे काढण्याचे काम सुरू झाले. ते करू नये असे मी म्हणणार नाही. त्याच दिवशी तळियेत दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही माणसे गेली. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारी मी पहिली. मगरींचा विषय काढला तेव्हा वडील म्हणाले, "पानी कुनाच्या घरात शिरलं, मगरीच्या का मान्साच्या?" याला पुस्तकी उत्तर चालत नाही.

अडचण वेळेची आहे. गाळ निघतो कोरड्या दिवसांत, आणि मगर काठाच्या मऊ मातीत खड्डा करून अंडी घालते तीही साधारण फेब्रुवारी ते एप्रिल. पिले बाहेर येतात पावसाच्या तोंडावर. म्हणून काम दिवाळी होताच सुरू व्हावे. फेब्रुवारीनंतर यंत्रे मधल्या पात्रात चालावीत, आणि काठाला हात लावण्यापूर्वी तो पायी फिरून पाहावा. बेट गेले तर मगर उन्हाला दुसरी जागा शोधील; फुटलेल्या अंड्यांचे तसे नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण तिला आहेच, पण कायदा काठावर उभा राहून पाहत नसतो.

ते पाहणे आपण करू शकतो. आपले कॉलेज कलाशाखेचे, प्राणिशास्त्र शिकवायला येथे कोणी नाही. पण मगरी मोजायला पदवी कशाला? भरती-ओहोटीच्या वेळा, एक वही आणि काठाचा माहीतगार एखादा पागवाला पुरे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात दरवर्षी तोच रस्ता झाडण्याऐवजी (तो पाहुणे येण्यापूर्वीच झाडलेला असतो!) चार सकाळी नदीला द्याव्यात. येत्या जानेवारीत पहिली मोजणी होऊ शकेल.