चक्र फिरतंय, दोष कुणाचा?

ट्विचवर गेम खेळून दाखवणाऱ्या नवख्याच्या चॅटमध्ये 'भाऊ, अडकतंय' असं आलं, की तो प्रेक्षकाच्या नेटला बोल लावतो. खोट बरेचदा त्याच्याच सेटिंगमध्ये असते.

ट्विच कमी-जास्त दर्जाचे पर्याय 'पार्टनर' दर्जा दिलेल्या चॅनेलांना हमखास देतं. नवख्यांना क्षमता उरली तर. हे पर्याय नसले, की ६,००० केबीपीएसने पाठवलेलं चित्र मोबाइल डेटावरच्या प्रेक्षकालाही तसंच्या तसं ओढावं लागतं.

प्रक्षेपणासाठी वापरल्या जाणाऱ्या ओबीएस या सॉफ्टवेअरच्या तळपट्टीत फ्रेम गळताना दिसल्या, तर अपलोडची बाजू लंगडी. वायफाय सोडून केबल लावावी. गळत नसूनही प्रेक्षक अडकत असतील, तर ७२०पी, ३० फ्रेम, ३,००० केबीपीएसवर उतरावं. चित्र जरा धूसर होईल, होऊ दे! चार प्रेक्षकांतले दोन घालवून १०८०पीचा तोरा मिरवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.